एडेल ते क्राउडन : वाट कुणाच्या हक्काची?

जून महिन्यात उत्तर इंग्लंडमधला दिवस जवळजवळ सतरा तासांचा असतो. पहाटे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊ वाजून गेल्यावर मावळतो. एवढा उजेड हाताशी असला की डर्बीशायरमधल्या एडेल गावातून सकाळी निघून संध्याकाळी क्राउडन गाठता येते. अंतर साधारण २६ किलोमीटर. पेनाइन वे या ४३१ किलोमीटरच्या पायवाटेचा हा पहिला टप्पा. आधी नो नदीचे हिरवे खोरे लागते : दगडी गडगे, मेंढ्यांची कुरणे, ओढ्यावरचे पूल. मग जेकब्ज लॅडरची चढण, वर किंडर स्काउटचे ६३६ मीटर उंचीचे पठार, तिथून स्नेक खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडून ब्लीकलोचा उघडाबोडका माळ, आणि शेवटी टॉरसाइडच्या घळीच्या कडेने एथरो नदीच्या खोऱ्यात उतार. मँचेस्टर शहरासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेले जलाशय तिथे एकाखाली एक पसरले आहेत. इंग्लंडचे हे मूर, म्हणजे उंचावरचे माळ, आपल्या कोरड्या सड्यांसारखे नाहीत. ते भिजलेले असतात. वर हेदरची झुडपे, कापूसगवत आणि बिलबेरी. खाली पीटचा, म्हणजे अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा, काळा ओला थर, काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून खोल. या माळांवर कुणीही यावे आणि मनसोक्त चालावे का, हा वाद तिथे शंभर वर्षांहून जुना आहे. माझे मत ‘यावे’ असे आहे. पण पूर्वपक्ष लेचापेचा नाही, म्हणून त्याचे म्हणणे आधी आणि पूर्ण जोरानिशी मांडतो.

पूर्वपक्ष : जमीन ज्याची, तिथे कोणी पाऊल टाकावे हे ठरवणारा तोच. तुमच्या घराच्या अंगणातून कुणी रोज फिरायला जाऊ लागले तर चालेल का? किंडरचे माळ ग्राऊझ या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेले होते. शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो, पण त्याची तयारी वर्षभर चालते. राखणदार, हाकारे, घोडे, खानावळी असा सारा संसार त्यावर उभा राहतो आणि डोंगराकडेच्या गरीब गावांना चार पैसे मिळतात. हे सगळे धाब्यावर बसवून २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावातून सुमारे चारशे तरुण बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या पोराच्या मागे किंडरवर चढले. राखणदारांशी झटापट झाली, एक जण जखमी झाला. खुद्द पदभ्रमण करणाऱ्यांच्या जुन्या संघटनांनी या प्रकाराला विरोध केला होता, कारण त्या सरकारशी आणि मालकांशी सामोपचाराने बोलत होत्या. तुम्ही ज्याला हक्क म्हणता त्याचा पाया दंडेलीचा आहे.

उत्तर : अंगणाचा दाखला इथे लागू पडत नाही, कारण किंडरचा माळ कुणाचे अंगण नव्हता. एकोणिसाव्या शतकात संसदेच्या कायद्यांनी इंग्लंडमधल्या सामाईक जमिनी कुंपणात घातल्या आणि वाटून टाकल्या, त्यात हे माळही गेले. त्याआधी आसपासचे गावकरी तिथे जनावरे चारत आणि सरपणासाठी पीट कापत. म्हणजे ज्या मालकीचा दाखला दिला जातो ती मालकी कायद्याने घडवलेली आहे, आणि कायद्याने घडवलेली गोष्ट कायद्याने बदलता येते. आपल्याकडे गायरानाचा किंवा वहिवाटीचा तंटा ज्याने जवळून पाहिला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. रोजगाराचा मुद्दा खरा आहे, पण चालणाऱ्यांना बंदी घातल्याशिवाय तो रोजगार टिकत नाही हे कधी सिद्ध झालेले नाही. आज अनेक माळांवर शिकार आणि वाटसरू दोन्ही आहेत.

राहिला सामोपचार. जेम्स ब्राइस यांनी डोंगरांवर जाण्याचा हक्क मागणारे पहिले विधेयक संसदेत मांडले ते १८८४ साली. अशी विधेयके पुन्हा पुन्हा आली आणि पुन्हा पुन्हा बारगळली. १८९४ मध्ये एडेलमधून रेल्वे धावू लागली. मँचेस्टर आणि शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतले कामगार रविवारी स्वस्त तिकीट काढून डोंगरापाशी येत आणि समोर पाटी वाचत : आत येण्यास मनाई. अर्धशतकभर अर्ज-विनंत्या करून पदरात काय पडले हे पाहिल्यावर १९३२ च्या तरुणांना उतावळे म्हणणे मला जड जाते. त्यांच्यावर खटला चालला तोही नुसत्या आगळिकीचा नव्हता. परक्या जमिनीत शिरणे हा तेव्हा दिवाणी मामला होता, फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून आरोप ठेवले गेले दंगलीचे. ज्या ग्रँड ज्युरीपुढे प्रकरण गेले तिच्यात लष्करी अधिकारी आणि गावोगावचे जमीनदार यांचा भरणा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. सत्तर वर्षांनी, २००२ मध्ये, त्या वेळी किंडरच्या बऱ्याच जमिनीचे मालक असलेल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या नातवाने, म्हणजे गादीवर असलेल्या ड्यूकने, हेफील्डजवळच्या सभेत आजोबांच्या वतीने जाहीर माफी मागितली. तरीही पूर्वपक्षाचे एक म्हणणे मान्य केले पाहिजे. कायदा झाला तो नुसत्या धडकेने झाला नाही. टॉम स्टीफन्सन यांनी १९३५ मध्ये वर्तमानपत्रातून पेनाइन वेची कल्पना मांडली आणि पुढची तीस वर्षे तिचा पाठपुरावा केला; जॉन डाउअर यांचा १९४५ चा अहवाल आणि हॉबहाउस समितीचे १९४७ चे काम यांतून १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा उभा राहिला. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. १९६५ मध्ये, रॉथमनच्या चढाईच्याच तारखेला, पेनाइन वे खुला झाला. मोकळ्या माळांवर वाट सोडूनही चालण्याचा सार्वत्रिक हक्क मिळायला मात्र २००० सालचा कायदा यावा लागला.

पूर्वपक्ष : मालकीचा वाद बाजूला ठेवू. आता माळाच्याच बाजूने बोलतो. पीट वर्षाला साधारण एक मिलिमीटर साचते. एक मीटर थराला हजार वर्षे लागतात. बुटांची रांग तो थर काही हंगामांत उखडते. पेनाइन वे लोकप्रिय झाला तेव्हा याच टप्प्यावर काय झाले? चिखल चुकवण्यासाठी प्रत्येक जण थोडे बाजूने चालला, आणि पायवाटेचा रुंद काळा पट्टा झाला. सोनेरी टिटव्या आणि कर्ल्यू हे पक्षी जमिनीवर घरटी करतात. कर्ल्यू तर ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. पिल्ले बाहेर पडतात नेमकी मे-जूनमध्ये, जेव्हा तुमचा सतरा तासांचा दिवस असतो. तुमच्याच महाराष्ट्रात कासच्या पठारावर फुले पाहायला इतकी गर्दी लोटली की रोजची संख्या ठरवावी लागली, प्रवेशशुल्क लावावे लागले. तिथे जे शहाणपण, ते इथे का नको? डोंगरावर प्रेम असेल तर डोंगराला एकटे सोडा.

उत्तर : हा आक्षेप पहिल्यापेक्षा वजनदार आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. आधी हे पाहू की किंडर आणि ब्लीकलोचा माळ मेला कशाने. पीट बनवणारी मुख्य वनस्पती म्हणजे स्फॅग्नम शेवाळ. त्याची एक गादी मुठीत घेऊन पिळली तर ओंजळभर पाणी गळते, आणि मूठ उघडली की ते पुन्हा फुलून पूर्ववत होते. सुक्या वजनाच्या वीस पटींपर्यंत पाणी ते धरून ठेवते. पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला याच्या पट्ट्या वापरल्या गेल्या. टोके फिकट हिरवी किंवा तांबूस, खालचा भाग विटका, आणि त्याखाली कुजणे थांबलेले, शतकांपूर्वीचे तेच शेवाळ. ही वनस्पती हवेतल्या गंधकाच्या विषापुढे टिकत नाही. पीक डिस्ट्रिक्टच्या एका अंगाला मँचेस्टर, दुसऱ्या अंगाला शेफील्ड. दीडशे वर्षांहून अधिक काळ दगडी कोळशाचा धूर या पठारावर उतरत राहिला, आणि तिथल्या पीटच्या वरच्या थरात आजही हवेतून पडलेले शिसे सापडते. शेवाळ गेले, वर मेंढ्यांची संख्या वाढली, आगी लागल्या, उघड्या पीटवर पाऊस आणि वाऱ्याने घळी पाडल्या. ब्लीकलोवर दूरवर काळी, नागडी जमीन दिसत होती. तिथे बहुतेक ठिकाणी एकही वाट नव्हती. बुटांनी वाटेलगतचा पट्टा नासवला हे खरे. पण त्यापलीकडचा अफाट माळ बुटांनी नासवलेला नाही, आणि माणसांना बंदी घालून तो परतही आला नसता.

आता वाटेलगतचा पट्टा. त्यावर उपाय सापडला आणि तो डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. मिल हिलवरून स्नेक खिंडीकडे जाताना पायाखाली जाड फरशांची रांग लागते. रेतीदगडाच्या या फरशा बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून काढल्या, हेलिकॉप्टरने वर आणल्या आणि पीटवर तरंगत ठेवल्यागत अंथरल्या. काहींवर अजून भोके आणि खाचा आहेत. तिथे कधीकाळी यंत्रे बसवलेली होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबई बंदरातून वऱ्हाड-खानदेशचा कापूस उचलला होता, तेव्हा या दगडांशी आपलेही लांबचे नाते निघते. ज्या गिरण्यांच्या धुराने शेवाळ मारले त्यांच्याच जमिनीने आज उरलेले पीट वाचवले आहे. स्नेक खिंडीच्या माथ्यावर सोनेरी टिटव्यांचा अभ्यास झाला. फरशा नव्हत्या तेव्हा तीस टक्क्यांहून अधिक लोक वाट सोडून भटकत, आणि पिल्ले वाढवणाऱ्या टिटव्या वाटेपासून दोनशे मीटरपर्यंतची जागा टाळत. फरशा आल्यावर जवळजवळ सगळे लोक वाटेवर राहू लागले आणि टिटव्या पन्नास मीटरपर्यंत जवळ आल्या. माणसे कमी झाली नव्हती. माणसे कुठून जातात एवढेच बदलले होते. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे, कारण तो दोन्ही पक्षांना खाली बसवतो : पाय निरुपद्रवी असतात असे म्हणणाऱ्यालाही, आणि बंदीवाचून इलाज नाही असे म्हणणाऱ्यालाही. कासलासुद्धा पठार बंद झालेले नाही. किती जणांनी यावे एवढे ठरले आहे. इंग्लंडचा कायदाही आंधळा नाही. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रे आखूड दोरीला बांधलेले हवे, वणव्याचा धोका असेल तेव्हा माळ बंद करता येतो, आणि जमीनमालकाला स्वतःच्या सोयीने वर्षातले २८ दिवस प्रवेश थांबवता येतो.

पूर्वपक्ष : वणव्याचे नाव तुम्हीच काढलेत. २०१८ च्या जूनमध्ये सॅडलवर्थचा माळ दिवसेंदिवस जळत होता, लोकांना घरे सोडावी लागली, सैन्य बोलवावे लागले. आगी लागतात त्या रस्त्यांच्या आणि वाटांच्या आसपास. आग माणूस आणतो, मेंढी नव्हे.

उत्तर : आणतो. एका सहलीच्या शेगडीने जी हानी होते ती भरायला पिढ्या जातात, आणि माळावर विस्तव नेणाऱ्याची गय करू नये. पण ओले पीट सहजासहजी पेटत नाही. जे पेटते ते शेवाळ गमावलेले, घळींनी निथळून काढलेले, कोरडे पीट. शिकारीच्या सोयीसाठी हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळण्याची जुनी रीत आहे, आणि १९६०-७० च्या दशकांत तर सरकारी अनुदानाने उत्तर इंग्लंडच्या अनेक माळांवर चर खणून पाणी काढून टाकले गेले. खोल पीटवरच्या जाळण्यावर इंग्लंडमध्ये २०२१ साली निर्बंध आले, फार उशिरा. वणव्याला खरा अटकाव पाण्याचा आहे, आणि ते पाणी माळात परत मुरवण्याचे काम २००३ पासून मूर्स फॉर द फ्यूचर या भागीदारीने हाती घेतले. घळींत दगड, लाकूड आणि पीटचेच छोटे बांध घातले, उघड्या जमिनीवर हेदरची कापणी पसरली, चुना आणि गवताचे बी टाकले, जम बसल्यावर स्फॅग्नमची रोपे एकेक करून हाताने लावली. आपल्याकडे नाला-बंडिंग पाहिलेल्या कुणालाही हे काम ओळखीचे वाटेल. किंडरचे पठार १९८२ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. ट्रस्टने मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून कुंपण घातले, पण माणसांसाठी त्यात पायऱ्या आणि फाटके ठेवली. कुणाला अडवायचे आणि कुणाला नाही हे तिथे नीट ओळखले गेले.

पूर्वपक्ष : मग तुमच्याच तोंडून ठरले की माळ वाचवला तो शास्त्रज्ञांनी, पैशाने आणि कुंपणाने. चालणाऱ्यांनी काय केले? राष्ट्रीय उद्यान १९५१ चे, दुरुस्ती २००३ ची. मधली पन्नास वर्षे तुमचा लाडका वाटसरू माळावर होताच, आणि माळ मरतच होता.

उत्तर : हा घाव वर्मी आहे. चालण्याच्या हक्काने आपोआप काही वाचत नाही. १९५६ च्या शुद्ध हवेच्या कायद्यानंतरही गंधकाचे प्रमाण उतरायला काही दशके गेली, आणि पीटची झीज म्हणजे नेमके काय हे समजायलाही वेळ लागला. माझा दावा त्याहून लहान आहे, पण तो ठाम आहे : हा हक्क पुरेसा नाही, तरी त्यावाचून काहीच झाले नसते. चर खणले गेले आणि माळ जाळले गेले ते लोकांना बंद असलेल्या जागांतही. तिथे विचारणारे कुणी नव्हते. सार्वजनिक पैसा लागतो तिथे जागा सार्वजनिक आस्थेची असावी लागते, आणि आस्था नकाशावरून येत नाही. ती येते पायांनी. एडेल ते क्राउडन चालणाऱ्याला दिवसभरात जे कळते ते वाहनतळावर गाडी लावून दृश्य पाहणाऱ्याला कळत नाही. किंडरच्या एका अंगाला पडलेला थेंब नो, डरवेंट, ट्रेंट असा उत्तर समुद्राला जातो, दुसऱ्या अंगाचा सेट आणि गोइटमधून मर्सीला मिळून आयरिश समुद्राला. वरच्या घळींत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते, कारण त्यात पीट विरघळते आहे; तेच पाणी खाली जलाशयात साठते आणि तो रंग काढायला पाणी कंपन्यांना खर्च करावा लागतो. डरवेंटच्या खोऱ्यात हाउडन, डरवेंट आणि लेडीबोअर ही धरणे झाली, शेवटच्याखाली डरवेंट आणि अ‍ॅशोप्टन ही दोन गावे गेली, आणि शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर या शहरांना पाणी मिळाले. जलाशयांच्या पाणलोटात माणसे आली तर पिण्याचे पाणी दूषित होईल असे सांगून १९३० च्या दशकात शहरांच्या जलखात्यांनी वाटा बंद ठेवल्या होत्या. पाणी नासले ते माळ नासल्याने. किंडरवर बांध आणि शेवाळ आल्यावर मुसळधार पावसानंतरचा लोंढा उशिरा आणि कमी जोराने खाली उतरतो, असे तिथल्या मोजमापांत दिसले आहे. माळ आणि खोरे हे एकच शरीर आहे, आणि ते एका दमात पाहण्याचा मार्ग म्हणजे दिवसभराची पायपीट.

इथे मला पूर्वपक्षापेक्षा इंग्लंडच्या कायद्याशी जास्त भांडायचे आहे. २००० च्या कायद्याने माळ, डोंगर, गवताळ टेकड्या आणि नोंदलेल्या सामाईक जमिनी खुल्या केल्या. नदीकाठ त्यात नाही, बहुतेक रानेही नाहीत. माळावरून उतरणारा माणूस शेवटचा गडगा ओलांडतो त्या क्षणी त्याचा मोकळा हक्क संपतो आणि आखून दिलेली पायवाट तेवढी उरते. शेतकरी म्हणतो, खाली माझे पीक आहे, वासरे आहेत, कोकरांचा हंगाम आहे, फाटक उघडे राहिले तर माझे नुकसान. त्याचे म्हणणे रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शेजारच्या स्कॉटलंडने २००३ मध्ये देऊन ठेवले आहे. तिथे जमिनीवर आणि आतल्या पाण्यांवरही जाण्याचा हक्क आहे, तो जबाबदारीने वापरण्याची अट आहे, आणि उभे पीक व घराभोवतीची जागा त्यातून वगळली आहे. स्कॉटलंडची शेती त्यामुळे बुडाली नाही. इंग्लंडमध्ये वारे उलटेही वाहते : डार्टमूरवर तंबू ठोकून रात्र काढण्याचा जुना हक्क जानेवारी २०२३ मध्ये एका निकालाने काढून घेतला गेला, त्याच वर्षी जुलैमध्ये अपील न्यायालयात जाऊन तो परत मिळवावा लागला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. माळाला जो न्याय मिळाला तो खोऱ्यालाही मिळाला पाहिजे, त्याच अटींवर : विणीच्या काळात कुत्रे बांधा, विस्तव नेऊ नका, फाटक लावून घ्या. रॉथमनच्या चढाईला नव्वदांहून अधिक वर्षे झाली, तरी इंग्लंडमध्ये मोकळेपणाने चालण्याचा हा हक्क आजही देशाच्या सुमारे आठ टक्केच जमिनीवर आहे.